रविवारी गुरुद्वारा, एकादशीला आई

*ताई, नमस्कार. माझं वय ३७. माहेर लातूरचं, नोकरी चिंचवडला. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या दिवसांत ऑफिसमधली एक मैत्रीण मला गुरुद्वारात घेऊन गेली. कीर्तन चालू होतं. एक शब्द कळला नाही, पण मी तासभर रडले आणि कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून दर रविवारी जाते, लंगरात पोळ्या लाटते, घरी मोबाईलवर जपजी ऐकते. हीच आपली वाट असं आता वाटायला लागलंय, पण सुरुवात नक्की कुठून करायची? गुरमुखी येत नाही. ओळखीच्या एक बाई म्हणतात, ‘थांबू नकोस, येत्या वैशाखीला अमृत घे.’ आई माझ्याकडेच असते. ती माळकरी, एकादशी चुकवत नाही. तिला अजून नीट सांगितलेलं नाही. नवरा ‘नवीन खूळ’ म्हणून हसतो, अडवत नाही. सासरी गौरी-गणपती असतात. बाबांचं श्राद्ध भाऊ घालतो, त्याला जाऊ का? पार्लर बंद करू का? नांदेडला एकदा जाऊन येऊ का? की हे सगळं मी दुःखाच्या भरात करतेय?*

*ता. क. हसू नका, पण कडाह प्रसाद खाल्ल्यावर हाताला जे तूप राहतं, ते रुमालाला पुसलं तर चालतं का?*

*— एक वाचक, चिंचवड*

ता. क. सोडून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यावर टेकलेली आहेत. वडील गेल्यावर कुणी गावाकडचं घर विकायला काढतं, कुणी रात्ररात्र मोबाईल चाळत बसतं. तुम्ही पोळपाटासमोर बसलात. दोन वर्षांचे रविवार मोजले तर शंभर होतात. खूळ असतं तर पहिल्या पावसाळ्यातच वाहून गेलं असतं, हे यजमानांना सांगायला हरकत नाही. दुःखानं तुम्हाला त्या दारापर्यंत नेलं, बरं मग? वारीत चालणाऱ्यांनाही विचारून बघा, निम्मे लोक काही ना काही गमावूनच पहिल्यांदा निघालेले असतात. फक्त दुःख ओलं असताना आयुष्यभराचा शब्द देऊ नये. म्हणून वैशाखीचं आधी बोलू.

पण त्याआधी माझ्याबद्दल. मी शीख नाही. नांदेडला वाढले, आणि आमच्या दारासमोरच्या घरात शीख कुटुंब होतं. घरात त्यांची पंजाबी, आमच्याशी दखनी हिंदी, भाजीवाल्याशी मराठी. त्या घरातल्या चाचींच्या ओट्यावर माझं अर्धं बालपण गेलं. मला जे ठाऊक आहे ते बरंचसं तिथलं, उरलेलं वाचून आणि विचारून. तुमच्या गुरुद्वारातले ग्रंथीजी (ग्रंथ वाचणारे) एखाद्या बाबतीत वेगळं म्हणाले, तर त्यांचं ऐका.

अमृत, म्हणजे खालसा पंथाची दीक्षा. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोबिंदसिंगांनी लोखंडी बाट्यात पाणी घेतलं, त्यात पतासे पडले, बाण्या (गुरूंच्या रचना) म्हणत ते खंड्यानं, म्हणजे दुधारी तलवारीनं, ढवळलं आणि पाच जणांना दिलं. मग त्याच पाचांसमोर हात जोडून स्वतः घेतलं. त्या पाचांतले भाई साहिबसिंग बिदरचे. लातूरहून बिदर किती लांब, ते तुम्ही मला सांगायचं. आजही पाच अमृतधारी मिळूनच अमृत देतात. घेणारा येतो तोच पाच ककार अंगावर घेऊन: केस, कंगवा, कडं, कच्छेरा (विशिष्ट चड्डी), किरपाण. त्या दिवसापासून नितनेम रोजचं. पहाटेच्या बाण्या, संध्याकाळची रहिरास, झोपताना सोहिला. शिवाय चार गोष्टी कायमच्या बंद: शरीरावरचा केस कापणं, कुठ्ठा म्हणजे हलाल पद्धतीचं मांस, जोडीदाराबाहेरचा संबंध आणि तंबाखू. यातली एक मोडली तरी पाचांपुढे उभं राहून कबूल करायचं, पुन्हा अमृत घ्यायचं. तुम्हाला अजून अक्षरं लागत नाहीत आणि घरात आईला माहीत नाही. एप्रिलपर्यंत हे अंगावर घेऊ नका. त्या बाईंचा हेतू चांगलाच असणार. ‘तयारी चालू आहे’ म्हणा, आणि विषय चहाकडे वळवा.

मग तोपर्यंत तुम्ही कोण? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात तो आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ मध्ये मंजूर केलेली ‘सिख रहत मर्यादा’ नावाची आचारनियमांची एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यात शिखाची व्याख्या दिलीय. एका अकाल पुरखावर (काळापलीकडच्या ईश्वरावर), दहा गुरूंवर, गुरू ग्रंथ साहिबांवर, दहाही गुरूंच्या वाणी-शिकवणीवर आणि दहाव्या गुरूंच्या अमृतावर जिची किंवा ज्याची निष्ठा आहे आणि जो दुसरा कुठला धर्म मानत नाही, तो शीख. जन्म, आडनाव, पंजाब, यातलं काही त्या व्याख्येत नाही. म्हणजे दार तुम्हाला उघडं आहे. पण शेवटचा भाग पुन्हा वाचा: दुसरा धर्म मानत नाही. आपल्याला ‘सगळे देव एकच’ म्हणत सगळीकडे हात जोडायची सवय. ती सवय वाईट नाही, पण या व्याख्येत ती मावत नाही, आणि हे तुम्हाला आज कळलेलं बरं. हळूहळू या वाटेला लागलेल्या, अजून अमृत न घेतलेल्या माणसाला ‘सहजधारी’ म्हणतात. शब्द छान आहे, सध्या तो वापरा. कागदोपत्री नाव-धर्म बदलायच्या फंदात पडू नका.

आता सुरुवात. जपजी तुम्ही ऐकताच. ही गुरू नानकांची बाणी, त्यात ३८ पौड्या (कडवी) आहेत. आठवीपासून अकरावीपर्यंतच्या चार पौड्या ‘सुणिऐ’ या शब्दानं उघडतात, ऐकल्यानं माणसाचं काय काय होतं हे सांगतात. त्यांच्या पाठोपाठ बारा ते पंधरा या चार, मानण्याबद्दल. गुरू नानकांनी लावलेला क्रम हा असा आहे, आधी कान मग मन, आणि नवविधा भक्तीत श्रवण पहिलं ठेवणाऱ्या आपल्या लोकांना तो परका वाटू नये. तुमचं दोन वर्षं श्रवणच चाललंय. ते थोडं रीतीनं करायचं, एवढंच.

बहुतेक लोक नवख्याला सांगतात, पहाटे उठ, अमृतवेळा साध, जपजी म्हण. सांगणं बरोबर आहे, पण चिंचवडला नोकरी, डबे आणि शाळेची बस असलेल्या बाईनं पहाटे चारचा गजर लावला की तिसऱ्या दिवशी तो बंद होतो आणि चौथ्या दिवशी अपराधी वाटायला लागतं. मी म्हणेन, रात्रीपासून सुरू करा. कीर्तन सोहिला ही झोपण्यापूर्वीची बाणी, फक्त पाच शबदांची (शबद म्हणजे ग्रंथसाहिबातलं पद), पाच-सात मिनिटांत होते. चाचींचं जेवण, भांडी, उद्याची कणीक झाकणं, सगळं उरकलं की त्या बाजेवर पाय वर घेऊन बसायच्या, ओढणी डोक्यावर घ्यायच्या आणि गुटका, म्हणजे छोटी पोथी, उघडायच्या. खरं तर त्यांना तो पाठ होता, तरी उघडायच्या. तिसरा शबद आला की आवाज थोडा सैल व्हायचा. तो गुरू नानकांचा आरतीचा शबद: आकाशाचं ताट, त्यात सूर्य-चंद्राचे दिवे, तारे म्हणजे मोती, आणि वारा चवरी ढाळतोय. मला तेवढाच कळायचा, कारण आमच्या घरी तेव्हाच आरती होऊन गेलेली असायची आणि हाताला कापराचा वास असायचा. शेवटी गुटका रुमालात गुंडाळून त्या कोनाड्यात ठेवत आणि दिवा मालवत. ओट्यावर झोपलेल्या मला उचलून आई घरी न्यायची.

एक सांगून ठेवते. सोहिला अंत्यसंस्काराच्या वेळीही म्हणतात. कुणी अर्धवट माहितीनं ‘घरात हे काय म्हणतेस’ असं म्हणालं तर दचकू नका. रोज रात्री झोपण्याआधी आणि शेवटच्या झोपेच्या वेळी एकच बाणी, यात मला तरी अशुभ काही वाटत नाही. आणि तुमच्या बाबतीत, बाबांची आठवण घेऊन बसायला याहून बरी जागा सापडणार नाही.

महिनाभर सोहिला, अर्थासकट. एका दिवशी एकच शबद घ्या, मराठी किंवा हिंदी अर्थ वाचा, मग ऐका. तो बसला की मूलमंत्र (जपजीच्या सुरुवातीच्या ओळी) आणि जपजीची पहिली पौडी. सहा महिन्यांत पूर्ण जपजी झालं तरी खूप झालं. जोडीला रोजचा हुकमनामा वाचा. ग्रंथसाहिब उघडल्यावर डाव्या पानाच्या वरच्या बाजूला जो शबद येतो, तो त्या दिवसाचा हुकूम. अमृतसरच्या हरमंदिर साहिबातला (सुवर्णमंदिरातला) अर्थासकट सहज मिळतो. तो राशिभविष्यासारखा वाचू नका. ‘आज माझ्यासाठी काय आलंय’ असं करत बसलं की माणूस शबद सोडून स्वतःलाच वाचायला लागतो.

गुटका देवनागरीतही मिळतो. गुरुद्वाराजवळच्या दुकानातच मागा. कोपऱ्यावरच्या टपरीवर हा शब्द उच्चारलात तर ज्या पंथात तंबाखू निषिद्ध त्याच्या पोथीऐवजी भलतंच हातात पडेल. घरी तो रुमालात, उंचावर ठेवायचा, पर्समध्ये डब्याशेजारी नाही.

देवनागरी गुटक्याचा एक धोका मराठी माणसाला जास्त. आपण लिहिलेलं तसंच वाचतो. तिथे छापलेलं असतं ‘सति नामु करता पुरखु’, आणि वाचायचं ‘सतनाम करता पुरख’. शब्दाच्या शेवटचे ते ऱ्हस्व इकार-उकार बहुतेकदा व्याकरणाचे असतात, उच्चाराचे नाहीत. तुम्ही जपजी कानानं आधी शिकलात, म्हणून तुमची यातून सुटका व्हायची शक्यता जास्त. तरी गुरमुखी शिकाच. ३५ अक्षरांची ‘पैंती’, मात्रा आपल्याच धर्तीच्या. महिन्या-दोन महिन्यांत अक्षर लागतं. फक्त ओळखीचे चेहरे फसवतात: तिचा ‘स’ आपल्या ‘म’सारखा दिसतो, तिचा ‘म’ आपल्या ‘भ’सारखा, आणि ‘ध’ बघून आपण ‘प’ म्हणतो. बऱ्याच गुरुद्वारांत रविवारी लहान मुलांचा गुरमुखीचा वर्ग असतो. त्यात जाऊन बसा. सात वर्षांचा मुलगा तुमच्या चुका ज्या प्रेमानं आणि ज्या मोठ्यानं काढेल, तसं कुठलं ॲप काढणार नाही.

लंगरातली सेवा चालू ठेवा, पण अधूनमधून जागा बदला. पोळ्या लाटण्यात गप्पा असतात, मान असतो, ‘तुमची पोळी गोल होते हो’ असं कौतुक असतं. (तिथे तिला परशादा म्हणतात, हे एव्हाना कळलंच असेल.) एखाद्या रविवारी जोडेघरात बसा. अनोळखी माणसाचे, पावसात भिजलेले बूट हातात घ्यायचे, पुसायचे, टोकन द्यायचं. पहिल्या दिवशी मला ते जमलं नव्हतं. मी रुमालानं धरत होते, आणि शेजारचे म्हातारे सरदारजी काही न बोलता माझा रुमाल घेऊन त्यानंच बूट पुसायला लागले. ‘किरत करो, नाम जपो, वंड छको’ ही गुरू नानकांच्या शिकवणीची तीन सूत्रं म्हणून सगळे सांगतात: कष्टाची कमाई, नामस्मरण, वाटून खाणं. मधलं सूत्र पुस्तकातून थोडंफार कळतं. बाकीची दोन हातानंच कळतात.

आता एक सावधगिरी. नवीन, भावुक, एकट्या येणाऱ्या बाईला ‘आमच्या बाबाजींना भेटा’ म्हणणारं कुणीतरी भेटतंच. इथे तुमच्या हातात एक पक्कं उत्तर आहे. १७०८ मध्ये, तुमच्या-माझ्या मराठवाड्यात, नांदेडला, गुरू गोबिंदसिंगांनी देह ठेवण्यापूर्वी गुरुगादी ग्रंथसाहिबांना दिली. त्यानंतर देहधारी गुरू नाही. १४३० अंगांचा तो ग्रंथ हाच गुरू, म्हणून त्याच्या पानालाही ‘पान’ न म्हणता अंग म्हणतात. शिकवणारे असतील, कीर्तन करणारे असतील, त्यांचा आदर करा. जो स्वतःला गुरू म्हणवतो, पायावर डोकं ठेवून घेतो, पैसे मागतो, त्याला दुरून फतेह, म्हणजे लांबूनच नमस्कार. तसंच इंटरनेटवर मांसाहारावरून, दशम ग्रंथावरून (दहाव्या गुरूंच्या नावावरच्या ग्रंथावरून) जुनी भांडणं चाललेली असतात. तुम्ही कुणाच्याच बाजूनं उभं राहायची गरज नाही, तुम्हाला अजून पैंती यायचीय.

नांदेडला जरूर जा. तख्त सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी (सर्वोच्च धर्मपीठांपैकी) एक. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या वेळची, १८३० च्या दशकातली. पण जाताना एक लक्षात ठेवा, तिथली रीत तिथली आहे. गुरू ग्रंथ साहिबांबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश असतो, म्हणजे तोही उघडून मांडलेला असतो, संध्याकाळी दिव्यांची आरती होते, शस्त्रांचं दर्शन घडवतात, आणि पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी गागरीतून आणलं जातं. आमच्या पिढीनं त्या गागरीवर घड्याळ लावलंय. पंजाबातल्या गुरुद्वारांत यातलं बरंच दिसणार नाही. नांदेड आधी पाहिलं तर चिंचवड कोरडं वाटेल, अमृतसर आधी पाहिलं तर नांदेड चकित करेल. दोन्हीला खोटं म्हणू नका.

आणि हेही ऐकून ठेवा: गुरुद्वारातही माणसंच असतात. जात मोडण्यासाठी जी पंगत सुरू झाली, तिच्यात बसणाऱ्यांच्याच लग्नाच्या जाहिरातींत जात छापून येते. कमिटीच्या निवडणुकीत आपल्या सोसायटीत होतात तसलीच भांडणं होतात. ग्रंथात बाईला कमी लेखणाऱ्याला गुरू नानकांनी खडसावलंय, तरी कीर्तनाच्या आणि सेवेच्या जागेवरून बायकांना आजही झगडावं लागतं. पहिल्या प्रेमात हे दिसत नाही. दिसेल तेव्हा ‘फसलो’ म्हणून पळू नका.

आता आई. तिला काही माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय. दोन वर्षं दर रविवारी मुलगी तुपाचा वास घेऊन घरी येते आणि आईला माहीत नाही? ती वाट बघतेय, तुम्ही कधी सांगता याची. ‘आई, मी धर्म बदलतेय’ या वाक्यानं सुरुवात करू नका. ते आज खरंही नाही. ‘आई, मी जाते तिथे येतेस का?’ एवढं विचारा. गुडघे दुखत असतील तर खाली बसायच्या जागेचं आधी बघून ठेवा, कडेला टेकायला भिंत मिळेल अशी. लंगर शाकाहारीच असतं, माळेला धक्का नाही. फक्त एकादशी टाळून न्या. आणि ओळीत, जमिनीवर, कुणाशेजारी कोण ते न बघता बसायच्या त्या प्रकाराला तिथेही पंगतच म्हणतात.

मग कधीतरी संध्याकाळी, ती जपाला बसायच्या आधी, नामदेवांचा एक शबद तिला वाचून दाखवा. ग्रंथसाहिबात नामदेवांचे ६१ शबद आहेत हे हल्ली भाषणांत सगळेच सांगतात. २०१५ साली साहित्य संमेलन पंजाबात, नामदेव राहिले त्या घुमानला झालं तेव्हापासून तर फारच. पण एखादा शबद उघडून वाचलेले किती? आसा रागात, ४८५ व्या अंगावर एक आहे. सुरुवात अशी: ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’. पंजाबी कानाला हे अवघड जात असेल, लातूरच्या बाईला काय अवघड? आणलेला कुंभ, भरलेलं उदक, देवाला स्नान घालावं म्हटलं. पण त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव, तिथे विठ्ठल आधीच, ‘बीठलु भैला काइ करउ’. काय करू! फुलं आणून माळ ओवली, तर भुंग्यानं वास आधीच घेतलेला. दूध आणून खीर रांधली, तर वासरानं ते दूध आधी ‘बिटारिओ’. हा शब्द तर मोठ्यानं वाचा. विटाळलेलं, उष्टावलेलं. आणि शेवटी, ‘ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही’.

आईच्या डोळ्यांत पाणी येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण ती माळकरी आहे, तिला त्यातला चिमटाही कळेल. ‘म्हणजे मी रोज आंघोळ घालते ती चूक?’ असं तिनं विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका. हाच प्रश्न नामदेवांनी स्वतःला विचारलाय, ‘काइ करउ’, तिलाही तो तसाच विचारू दे. नामदेवांना वकीलपत्र देऊन आईच्या समोर उभं करायचं नाही, एवढं पथ्य पाळा. ‘बघ, तुझेच संत आमच्याकडे’ हे वाक्य गोड वाटतं, पण त्यात आईची भक्ती लहान होते. उलट बाजूनंही तेच. ‘शीख म्हणजे काय, आपलीच वारकऱ्यांची शाखा’ असं नातेवाईक म्हणतील, तुम्हालाही सोयीचं वाटेल, घरात शांतता राहील. शिखांना ते लागतं, आणि का लागू नये? दहा गुरू, त्यांची बलिदानं, खालसा, स्वतःची लिपी, स्वतःची रहत, हे सगळं एका नावात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकायचं ते कशाला? पंढरपूरच्या महाद्वाराची पायरीही नामदेवांची आणि आसा रागातला शबदही नामदेवांचा. आईला पायरी आवडते, तुम्हाला शबद. एका घरात दोन्ही राहू शकतं.

या वाटेत उपास-व्रतं नाहीत. तुमच्यापुरती संकष्टी सुटली तर सुटू दे. आईच्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र तुम्हीच करायची, दाण्याचं कूट सढळ हातानं घालून.

गौरी-गणपतीचं सासूबाईंना आधी सांगा, सण तोंडावर आल्यावर नको. ‘मी येणार, स्वयंपाक, सोळा भाज्या, आलं-गेलं सगळं बघणार, पूजेला मात्र जाऊबाईंना बसवा.’ मूर्तिपूजा ही वाट मानत नाही, म्हणून पूजेपुरतं मागे राहा. मोदकाच्या कळ्या पाडायला कुठल्याच धर्माची आडकाठी नाही. पहिल्या वर्षी कुजबुज होईल. दुसऱ्या वर्षी मोदक फुटले तरच होईल.

श्राद्धाला जा. रहत मर्यादेत पिंड, श्राद्ध यांना जागा नाही, हे खरं. पण पिंड भाऊ देतो, तुम्ही नाही. त्या दिवशी आईच्या शेजारी मुलगी नसेल तर तिला दुसऱ्यांदा एकटं पडल्यासारखं होईल, आणि हे कुठल्या गुरूला आवडेल असं मला वाटत नाही. तुमच्या मनाला आणखी काही करावंसं वाटलं तर त्याच आठवड्यात बाबांच्या नावानं लंगराला पीठ द्या, आणि त्यातल्या पोळ्या स्वतः लाटा.

पार्लर. तुम्ही अमृत घेतलेलं नाही, त्यामुळे तुमच्या भुवया मोजायला कुणी येणार नाही. आणि भुवया कोरणाऱ्या शीख बायका तुम्हाला संगतीतच दिसल्या असतील. पण केस हा या वाटेवरचा किरकोळ मुद्दा नाही, तो जसा दिलाय तसा ठेवणं ही मोठी गोष्ट मानतात. म्हणून असं करा. पुढे कधी अमृताचा विचार पक्का व्हायला लागला, की त्याआधी सहा महिने कात्री, दोरा, वॅक्स बंद करून बघा. ऑफिसात कुणी ओठावरची लव बघून बोललं तर कसं वाटतं, आरशासमोर कसं वाटतं, ते तेव्हा कळेल. आज हवं तर एक साधं लोखंडी कडं घाला. किरपाण मात्र हौसेनं विकत घेऊ नका.

आणि ता. क. चं. हसले थोडी, कारण हाच प्रश्न मी आठ वर्षांची असताना चाचींना विचारला होता. पीठ, तूप, साखर समसमान, तेव्हा तूप राहणारच हाताला. मी फ्रॉकला पुसायला निघाले तर त्यांनी मनगट धरलं आणि माझेच दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, मग मनगटांवर, मग कोपरापर्यंत. म्हणाल्या, ‘ठंड है, चमड़ी फटती तेरी.’ रुमाल पर्समध्येच राहू द्या.